खानदानी बुरशीच्या सात फेऱ्या

घरामागच्या द्राक्षांच्या चार ओळींची वाइन यंदा आपली आपणच करायची, असं एली दारोमांनी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ठरवलं आणि ठरवल्याबरोबर जेवणाचं टेबल उघडून पाहिलं. टेबल तसं सहा माणसांचं. पण मधली फळी दोन वर्षं खाली दुमडलेली होती आणि तिच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. दारोमांनी त्यांत तेल सोडलं, फळी चार वेळा वर-खाली केली, आणि मग कुठे ते द्राक्षांकडे बघायला मागच्या दाराने बाहेर पडले.

हा क्रम जरा उलटा वाटेल, पण त्यात तर्क होता. फ्रान्समधल्या सोतेर्न गावाच्या आसपास रीत अशी, की ज्याच्या वेलींची तोडणी असेल त्याच्या घरी तोडणाऱ्यांनी दुपारी जेवायचं. एरवी इथे कुणी कुणाच्या घरी जेवत नाही. माणसं फाटकाशी तास-तासभर उभी राहतील, तुमच्या गुडघ्यांपासून युरोपच्या भवितव्यापर्यंत सगळ्याची चौकशी करतील, पण उंबरा ओलांडणार नाहीत. हे दारोमांचं पस्तीस वर्षांचं निरीक्षण होतं. बायको गेल्यापासून त्यांच्या घराचा उंबरा दोघांनीच ओलांडला होता: एक पाण्याचा मीटर बघणारा आणि दुसरी समोरच्या मायतेबाईंची कोंबडी. तेव्हा माणसं घरात यायला हवी असतील तर कारण हवं, आणि द्राक्षं हे कारण होतं. तोडणीला बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. तोडणी केली की जेवायला नाही म्हणता येत नाही. वाइन काय, झाली तर झाली.

दारोमां आयुष्यभर वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते. वाण्याचा तराजू, पेट्रोलचा पंप, दारूच्या दुकानातलं माप, सगळ्यावर त्यांचं शिशाचं सील. त्यामुळे त्यांनी आधी मोजणी केली. वेली भरल्या दोनशे चाळीस. या भागात म्हणतात, एका वेलीचा एक पेला. पेला पंधरा सेंटिलिटरचा धरला तर छत्तीस लिटर. म्हणजे पिंपाची गरज नाही, वीस-वीस लिटरचे दोन काचेचे बुधले पुरे. मग हे दोनशे चाळीस पेले कुणाकुणाबरोबर प्यायचे याची यादी करायला ते बसले. यादी पाच नावांवर थांबली. त्यांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं, तरी ती पाचावरच राहिली.

आता इथल्या द्राक्षांना नुसतं पिकून भागत नाही, चांगलं कुजावंही लागतं. शरद ऋतूत सिरों नदीचं गार पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळतं, पहाटे धुकं चढतं आणि त्या ओलीत बॉट्रायटिस नावाची बुरशी मण्यांवर बसते. ती सालीला इतकी बारीक भोकं पाडते, की रस सांडत नाही पण पाणी उडून जातं. उरते ती साखर, आणि मधात जर्दाळू भिजवून विसरावेत तसा एक वास. गंमत अशी, की हीच बुरशी दुपारच्या उन्हात वाळली तर तिला खानदानी म्हणायचं, आणि ऊन न पडता दोन दिवस मुक्काम ठोकून राहिली तर तीच करडी, आंबट, घड नासवणारी. कूळ एक, शास्त्रीय नावही एक. पाहुणा सकाळी येऊन दुपारी गेला की मुक्कामाला राहिला, एवढाच काय तो फरक. पाहुण्यांविषयीचं हे सरसकट विधान दारोमांना पटत नव्हतं, पण उलट बाजूने मांडायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

शिवाय ही कूज सगळ्या घडावर एकदम येत नाही. आज घडातले आठ मणी तयार होतात, आठवड्याने आणखी बारा. त्यामुळे तोडणी एका दमात उरकत नाही, फेऱ्या कराव्या लागतात. दर फेरीला माणसं, दर फेरीला जेवण. या बुरशीबद्दल दारोमांना जो आदर वाटे, त्याचं मूळ इथे होतं.

बातमी गावात पसरायला अर्धा दिवस लागला आणि सल्ले यायला उरलेला अर्धा. पहिला आला गारुस्त. त्याने चाळीस वर्षं एका मोठ्या मळ्याच्या तळघरात पिंपांच्या संगतीत काढली होती.

"थांबायचं," फाटकावर कोपर टेकून तो म्हणाला. "या कामात सगळं थांबण्यात आहे, साहेब."

"किती थांबायचं?"

"ते द्राक्ष सांगतं."

"कसं सांगतं?"

"चाळीस वर्षं तळघरात काढा, मग ऐकू येतं," असं म्हणून गारुस्त निघून गेला.

तो वळणाआड जायची वाट बघत असल्यासारख्या मायतेबाई रस्ता ओलांडून आल्या. पूर्वी त्यांचं किराणा दुकान होतं, आता नुसत्या कोंबड्या. "त्या गारुस्तचं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "थांबून थांबून लग्नाचा राहिला तो. डाग दिसला की तोडा." शाळेतून निवृत्त झालेल्या नोएलबाई सायकलवरून न उतरताच म्हणाल्या, "पाऊस यायच्या आधी तोडा, नंतर नाही," आणि हे कळलं की नाही हे तपासल्यासारखं दारोमांकडे क्षणभर बघत राहिल्या. पेरो नवरा-बायकोंपैकी नवऱ्याचं मत पडलं, सकाळी पाणी फवारा. बायकोचं पडलं, दुपारी पंखा लावा. दोन्ही एकत्र केलं असतं तर घरच्या घरी सिरों नदीचं हवामान तयार झालं असतं. पण ते दोघं लग्नापासून एकमेकांचं ऐकत नसल्यामुळे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दारोमांनी पाचही सल्ले तारखेसह वहीत लिहून घेतले. सल्ले परस्परविरोधी होते याचं त्यांना वाईट वाटलं नाही. एका दिवसात पाच माणसं फाटकाशी आली होती.

तोडणीआधी गावच्या कचेरीत नोंद करावी लागते. तिथे जोझियान बसते. तिने जमिनीचा उतारा काढला आणि चष्मा वर केला.

"साहेब, तुमच्या या चार ओळी आहेत कुठे?"

"घरामागे."

"उताऱ्यावर तिथे आलुबुखाराची झाडं आहेत."

"ती छप्पन साली थंडीने मेली."

"तसं कुणी कळवलेलं नाही," जोझियान म्हणाली. "आलुबुखाराचा मुरांबा करणार असाल तर हवा तेवढा करा. त्याला परवानगी लागत नाही."

उतारा दुरुस्त करायचा तर मोजणीदार यायला हवा, आणि मोजणीदार येणार वसंतात. द्राक्षं ऑक्टोबरच्या पुढे थांबायला तयार नव्हती. दारोमांनी जिल्ह्याच्या कचेरीला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी फार आपुलकीने समजावून सांगितलं, की जिथे मळा नाही तिथे द्राक्षं नाहीत, नसलेल्या द्राक्षांची वाइन होत नाही, आणि न होणाऱ्या वाइनची नोंद लागत नाही. तेव्हा आपण निश्चिंत असावं. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर खूश होऊन घरी गेला असता. पण आपण कागदावर नाही म्हणजे आपण नाहीच, ही कल्पना दारोमांना सोसवेना. गेली दोन वर्षं ती तशीही त्यांना अधूनमधून छळत होती. त्यांनी पोच-पावतीची चार पत्रं पाठवली. शेवटी उत्तर आलं: 'आपल्या छत्तीस लिटर आलुबुखारांची नोंद घेण्यात आली आहे.' त्या महिन्यात त्यांच्या नावावर आलेलं ते एकच पत्र होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं.

मग भोरड्या आल्या. साखर चढली की हे पक्षी थव्याने उतरतात आणि अर्ध्या तासात ओळ साफ करतात. बुजगावणं करा, असं मायतेबाईंनी सुचवलं, म्हणून दारोमांनी आपला खात्याचा जुना निळा कोट आणि टोपी एका खांबाला चढवून दुसऱ्या ओळीच्या टोकाला उभी केली. भोरड्या पहिल्या दिवशी बिचकल्या, दुसऱ्या दिवशी कोटाच्या खांद्यावर बसल्या. माणसांच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम टिकला. मागच्या वाटेने जाणारे-येणारे आठवडाभर बुजगावण्याला "बोंजूर साहेब" म्हणत राहिले. त्याने उत्तर दिलं नाही, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. हे दारोमांनी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहिलं आणि कोट उतरवून आत आणून ठेवला. मनाला लावून घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण ठरवून न लावून घेतलेल्या गोष्टी जिथे लागायच्या तिथे लागतातच.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला, मंगळवारी, पहिली फेरी झाली. पाचही जण आले. सकाळी नऊला, धुकं विरता विरता, पाच कात्र्या, पाच बादल्या, आणि दारोमांच्या गळ्यात भिंग. सुकलेला, जांभळट-तपकिरी, वर राखेसारखी लव आलेला मणीच फक्त घ्यायचा होता. दारोमां प्रत्येकाच्या बादलीतला मणी न् मणी उचलून उजेडात धरत.

"हा नाही. याची साल अजून ताणलेली आहे."

"साहेब, हे द्राक्ष आहे की हिरा?" पेरोने विचारलं.

"हिऱ्याला इतकं बघत नाहीत," मायतेबाई म्हणाल्या. "माझ्या अंगठीच्या वेळी बघितलं असतं तर बरं झालं असतं."

चार तासांत दीड बादली माल निघाला. दाबल्यावर सात लिटर रस, लिटरमागे तीनशे चाळीस ग्रॅम साखर. पण दारोमांनी वहीत अधोरेखित केलं ते जेवण. बदक आणि पांढरा घेवडा, लसणाचा पाव, चीज, नासपतीची मिठाई. एक वाजता बसलेली मंडळी चारला उठली. गारुस्तने दोनदा वाढून घेतलं. नोएलबाईंनी भांडी घासायला बाही वर केली, दारोमांनी त्यांना घासू दिली नाहीत, आणि नंतर सहा माणसांची भांडी एकट्याने, अगदी सावकाश घासली.

दुसरी फेरी त्यांनी लगेच गुरुवारी ठेवली. त्यांनी पुन्हा सहा जणांचं शिजवलं. कुणी आलं नाही. गारुस्तला डॉक्टरकडे जायचं होतं, नोएलबाईंची बहीण यायची होती, पेरोचा दात उपटायचा होता आणि बायकोला तो उपटताना बघायचं होतं, मायतेबाईंच्या कोंबड्यांना काहीतरी झालं होतं. दारोमांनी साडेतीन किलो बदक-घेवडा आठ दिवस खाल्ला. पहिले तीन दिवस ताटात, मग बदल म्हणून वाडग्यात, शेवटी पातेल्यातूनच.

सतरा तारखेच्या मंगळवारी तिसरी फेरी. नोएलबाई सर्दीने घरी होत्या. बाकीचे चौघे आले. त्या सकाळी पहिला घड हातात घेतला आणि दारोमांच्या लक्षात आलं, की सगळं तयार आहे. चारही ओळी. मणी मनुक्यासारखे, साखर तीनशे साठ. आठवडाभर धुकं आणि ऊन यांनी आपापल्या पाळ्या इतक्या चोख केल्या होत्या, की वर्षात एकदा येणारा तो दिवस आज आला होता. संध्याकाळपर्यंत सगळं उतरवून मोकळं होता आलं असतं.

मोकळं. दारोमांनी तो शब्द मनात एकदा उच्चारून पाहिला. मग भिंग डोळ्याला लावून म्हणाले, "हा नाही. याला अजून तीन दिवस."

"तीन दिवस?" गारुस्तने मणी त्यांच्या हातातून घेतला, तोंडात टाकला, चघळला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"शास्त्रीयदृष्ट्या," दारोमां म्हणाले. हा शब्द वापरला की माणसं पुढे विचारत नाहीत, एवढं त्यांना नोकरीत कळलं होतं.

त्या दिवशी चार लिटर रस निघाला. जेवण मात्र साडेतीन तास चाललं.

यानंतरचा हिशेब वहीत स्पष्ट आहे. चौथी फेरी, गुरुवार: शून्य माणसं. पाचवी, मंगळवार: दोन. सहावी, मंगळवार: एक. दारोमांनी या आकड्यांचा अभ्यास केला. गुरुवारी माणसं येत नाहीत हे उघड होतं. कारणं दर वेळी वेगळी, गुरुवार मात्र तोच. त्यांनी धुक्याचं प्रमाण, वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब यांच्याशी गुरुवारचा संबंध जुळतो का ते तपासलं. दाबाशी थोडा जुळला. त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. मंगळवारी माणसं कमी कमी का होत गेली, याचा अभ्यास त्यांनी केला नाही; त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं. दर वेळी तोंडावर 'हा नाही' ऐकून घ्यायला कुणी कितीदा येईल?

सहाव्या फेरीला आलेला एक म्हणजे गारुस्त, आणि तोही बादली न घेता आला होता.

"साहेब, मोठ्या मळ्यातसुद्धा पाचाच्या वर फेऱ्या नेत नाहीत," तो म्हणाला. "काय चाललंय काय?"

"थांबायचं असतं, तुम्हीच म्हणालात."

"थांबायचं म्हणालो होतो. मुक्काम करायचा नव्हे." त्याने एक घड उलटा करून दाखवला. खालच्या बाजूला करडी पूड धरायला लागली होती. "द्राक्ष सांगून सांगून थकलं आता."

तो जेवायला थांबला नाही. त्या दिवशी दारोमांनी एकट्याने अर्ध्या लिटरपुरते मणी तोडले. घरात पहिल्या बुधल्यातला साडेतेरा लिटर रस आंबत होता. बुचातल्या नळीतून दर अकरा सेकंदांनी एक बुडबुडा निघे. दारोमां दुपारी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत आणि घड्याळ लावत. कधी कधी चौदा सेकंद लागत. तेव्हा ते खुर्चीत जरा पुढे सरकून वाट बघत.

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत. दारोमांनी बायकोच्या, ओदीलच्या, थडग्याशी एक कुंडी ठेवली, ती सरळ आहे का ते बघितलं, अर्धा सेंटिमीटर डावीकडे सरकवली. पलीकडच्या वाटेवर मायतेबाई, नोएलबाई आणि पेरो मंडळी घोळक्याने चालली होती. त्यांनी माना लववल्या. यांनी टोपी उचलली.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं: दुपारी दोनपासून पाऊस, पुढे पाच दिवस उघडीप नाही.

दारोमांनी नऊला सातव्या फेरीसाठी कात्री घेतली. बारापर्यंत त्यांची अर्धी ओळ झाली, कारण भिंगाची सवय हाताला लागली होती. उरल्या साडेतीन ओळी. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मांडणी केली: एकट्याने एकवीस तास. सहा माणसं आणि निवड न करता सरसकट तोडणी, तर सव्वा तास. पाच दिवसांच्या पावसात यातलं काहीही उरणार नव्हतं. ते मातीने माखलेल्या बुटांनी रस्त्यावर आले. गारुस्तचं दार बंद. पेरोंचं बंद. नोएलबाईंची सायकल जागेवर नव्हती. शेवटी ते मायतेबाईंच्या दाराशी आले आणि त्यांनी ठोठावलं.

"ये, उघडंच आहे," आतून आवाज आला. दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

दारोमां आत गेले. स्वयंपाकघरात लांब टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. एका बाकावर गारुस्त, नोएलबाई आणि जोझियान. दुसऱ्यावर पेरो, त्याची बायको आणि मायतेबाईंची जागा. मधे सुपाचं मोठं भांडं वाफाळत होतं. सगळ्यांचे चमचे जिथल्या तिथे थांबले. पेरोचा तीन आठवड्यांपूर्वी उपटायचा म्हणून सांगितलेला दात सुपातल्या बदकाच्या हाडात रुतलेला होता. तो त्याने हळूच सोडवला.

"साहेब," मायतेबाई उठल्या. "काही झालंय का?"

"पाऊस येतोय," दारोमां म्हणाले. मग टेबलावरून नजर फिरवून म्हणाले, "दर गुरुवारी?"

सगळे आपापल्या सुपात बघू लागले. शेवटी जोझियानला, प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय असल्यामुळे, राहवलं नाही. "बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "नोंद अशी कुठे नाही."

बारा वर्षं. ओदीलचा गुरुवारी विणकामाचा वर्ग असे. डब्यात त्यांचं जेवण झाकून ती साडेअकराला निघायची आणि चारला यायची, गाल लाल करून.

"ओदीलसुद्धा?"

"यायची की," नोएलबाई हलकेच म्हणाल्या.

"दहा वर्षांत एक बाही विणली होती तिने," दारोमां म्हणाले. "मला वाटायचं, नक्षी अवघड असेल."

पेरोबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी रुमालात घेतलं. दारोमां दारातच उभे होते. बुटांची माती फरशीवर सुटत होती, ती त्यांना दिसत होती.

"मला कुणी म्हणालं नाही कधी."

"कसं म्हणणार?" मायतेबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दर मार्चला तुम्ही माझा तराजू तपासायला यायचा. दर मार्चला मी म्हणायचे, साहेब, बसा, घासभर खाऊन जा. तुम्ही काय म्हणायचा?"

"माझं जेवण झालंय, म्हणायचो."

"सकाळी साडेनऊला."

"तपासणाऱ्याने ज्याचं तपासलं त्याच्या घरी खायचं नसतं. नियम आहे."

"असेल. दुकान बंद करून मला अकरा वर्षं झाली, साहेब. त्या तराजूत आता कोंबडी अंडी घालते. आम्ही ओदीलला विचारलं होतं. ती म्हणाली, नका बोलावू, तो नाही म्हणेल आणि मग त्यालाच अवघडल्यासारखं होईल." त्यांनी कमरेवरचे हात काढले. "त्यातून ती गेल्यावर तर काय बोलायचं तेच कळेना."

गारुस्तने चमचा खाली ठेवला. "आता आलाच आहात तर खरं सांगा. ती द्राक्षं कधीच तयार होती ना?"

"सतरा तारखेला," दारोमां म्हणाले. "तीनशे साठ ग्रॅम. त्या दिवशी सगळी उतरवायला हवी होती."

"मग ठेवली कशाला?"

उत्तर साधं होतं, पण ते कुठल्याही नमुन्यात बसण्यासारखं नव्हतं. दारोमां भिंगाशी चाळा करत राहिले.

"फेऱ्या संपल्या असत्या," ते म्हणाले.

पेरोबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

नोएलबाई अर्धवट उठल्या. "चला मग. पाऊस किती वाजता म्हणालात?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते. सव्वा तास. आत्ता निघालं तर एक पन्नास. दहा मिनिटं हातात राहत होती. दारोमांनी हे सगळं मायतेबाई तोंड उघडायच्या आत मोजलं होतं.

"सूप टाकून?" मायतेबाई म्हणाल्या. "आधी चार घास खाऊ, मग सगळेच जाऊ. साहेब, वेळ आहे ना?"

सहाही माणसं त्यांच्याकडे बघत होती. या गावात चार घास म्हणजे तीन तास, हे दारोमांना वहीतल्या नोंदींवरून माहीत होतं. वीस लिटरच्या वर रस वेलींवर लटकत होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. नदीच्या बाजूला आभाळ शिशासारखं झालं होतं. त्यांनी बाकाकडे पाहिलं. तिथे तसूभर जागा नव्हती.

"आहे वेळ," दारोमां म्हणाले. आयुष्यात त्यांनी दिलेलं ते दुसरं खोटं माप.

त्यांनी बूट काढून दाराबाहेर ठेवले. गारुस्त सरकला, नोएलबाई सरकल्या, जोझियानने आपली पर्स मांडीवर घेतली, आणि बाकाच्या टोकाला वीतभर लाकूड मोकळं झालं. दारोमां त्यावर बसले, म्हणजे निम्मे बसले. उरलेला भार त्यांनी डाव्या पायावर तोलला. मायतेबाईंनी फळीवरून एक वाडगा काढला, त्यावरची धूळ पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली आणि सूप वाढलं.

थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं. ते कुठल्याशा बकऱ्याबद्दल होतं. 'पाद्रीबाबांची छत्री' असं पेरो म्हणाला आणि सगळे हसले. नऊ वर्षांपूर्वी काहीतरी घडलं होतं आणि त्यात ओदीलचा हात होता, एवढं दारोमांना कळलं. समजावून सांगायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा दारोमांही थोडं हसले. गारुस्तने इथल्या रीतीप्रमाणे उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली आणि वाडगा तोंडाला लावला.

दुसऱ्यांदा वाढणं चाललं होतं तेव्हा खिडकीवर पहिले थेंब आले. सुटे, मग पटापट, मग पलीकडचं दारोमांचं घर दिसेनासं झालं. दोनला चार मिनिटं कमी होती. रेडिओचा अंदाज चार मिनिटांनी चुकला होता. एकेक करून सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"साहेब," नोएलबाई म्हणाल्या. "तुमची द्राक्षं."

दारोमांनी डावा पाय जरा पुढे रोवला, म्हणजे घसरायला होऊ नये.

"पाव जरा इकडे सरकवा," ते म्हणाले.